क्रिप्टोकॉकस यीस्टची उग्रता आणि जनुकीय विविधता : एक ऐतिहासिक अभ्यास (१८९४ ते २०२२)

गोषवारा

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे माती, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांच्या ढोलीतील कुजके लाकूड यांत वाढणारे यीस्ट मानवात प्राणघातक मेंदूज्वर निर्माण करते. या यीस्टचे सर्व वाण सारखेच उग्र नसतात, ही जाणीव विज्ञानाला कशी आणि कोणत्या टप्प्यांनी झाली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. उग्रतेचे कारण प्रथम जातीत, मग सिरोटाइपमध्ये, पुढे संयोग-प्रकारात, एकेका जनुकात आणि अखेरीस संपूर्ण जनुकसंचात शोधले गेले. यातील प्रत्येक टप्पा कोणीतरी जतन करून ठेवलेल्या संवर्धामुळे शक्य झाला, असे या इतिहासातून दिसून येते. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या निष्कर्षाचा अर्थ काय, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजशब्द : क्रिप्टोकॉकस, यीस्ट, उग्रता, जनुकीय विविधता, संयोग-प्रकार, संवर्ध-संग्रह, यवतमाळ.

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला 'कापूस' एवढाच शब्द पुरेसा वाटत नाही. कोणता वाण, हा त्याचा पुढचा प्रश्न असतो. वऱ्हाडात एके काळी तलम धाग्याची बनी आणि जाड धाग्याची, परंतु अधिक उत्पन्न देणारी जरी असे कापूस होते. पीक एकच असले तरी धागा, उतारा आणि भाव वाणावर ठरत. शेतीत पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेली ही गोष्ट रोगकारक सूक्ष्मजीवांच्या बाबतीत मान्य व्हायला वैद्यकाला बराच काळ लागला. एखाद्या रोगजंतूचे नाव कळले की त्याचा स्वभाव कळला, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती.

रोग निर्माण करण्याची क्षमता आणि त्या रोगाची तीव्रता ही दोन भिन्न अंगे आहेत. यांपैकी दुसऱ्या अंगासाठी, म्हणजे रोगकारक सूक्ष्मजीव आश्रयदात्याची किती हानी करतो यासाठी, प्रस्तुत लेखात 'उग्रता' ही संज्ञा वापरली आहे. उग्रता हा केवळ सूक्ष्मजीवाचा गुण नाही. ती सूक्ष्मजीव आणि आश्रयदाता यांच्या परस्परसंबंधातून प्रकट होते. तथापि आश्रयदाता सारखा असतानाही दोन वाणांचे परिणाम वेगळे होत असतील, तर कारण वाणांच्या अनुवंशात शोधावे लागते. हा शोध यीस्टच्या बाबतीत सर्वाधिक तपशिलाने ज्या रोगकारकांत झाला, त्यांत क्रिप्टोकॉकसचा समावेश होतो.

या अभ्यासाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०२० साली एचआयव्हीबाधितांमध्ये क्रिप्टोकॉकसजन्य मेंदूज्वराचे सुमारे १,५२,००० रुग्ण आढळले आणि सुमारे १,१२,००० मृत्यू झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने रोगकारक कवकांची पहिली प्राधान्य-यादी जाहीर केली. तिच्या सर्वोच्च गटात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सला स्थान मिळाले.

एक नाव, अनेक वाण

या यीस्टचा शोध १८९४ मध्ये दोन वेगळ्या वाटांनी लागला. इटलीत फ्रान्सेस्को सॅनफेलिचे यांना ते पीच फळाच्या आंबलेल्या रसात मिळाले. जर्मनीत ऑटो बुसे आणि आब्राहम बुश्के यांना ते एका ३१ वर्षीय स्त्रीच्या नडगीच्या हाडातील व्रणात आढळले. एकाच वर्षी हा जीव फळाच्या रसात निरुपद्रवी रहिवासी म्हणून आणि मानवी शरीरात मारक म्हणून नोंदला गेला. आज मागे वळून पाहता या दोन नोंदींतच पुढील शतकभराचा प्रश्न दडलेला दिसतो. सॅनफेलिचे यांनी त्याला 'सॅकरोमायसीस निओफॉर्मन्स' असे नाव दिले. परंतु ते साखर आंबवत नाही व त्यात त्या कुळाची बीजाणूरचना दिसत नाही, हे लक्षात घेऊन १९०१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ व्ह्युमां यांनी त्याला क्रिप्टोकॉकस या प्रजातीत घातले.

पुढील काही दशके या जीवाला निरनिराळी नावे मिळत गेली. कोलंबिया विद्यापीठातील ऱ्होडा बेनहॅम यांनी १९३५ मध्ये निरनिराळ्या ठिकाणांहून जमवलेल्या संवर्धांची रचना आणि त्यांची प्रतिद्रव्यांशी होणारी अभिक्रिया तपासली. १९५० मध्ये एडवर्ड इव्हान्स यांनी पेशीभोवतालच्या शर्करायुक्त आवरणाच्या आधारे ए, बी आणि सी असे तीन सिरोटाइप वेगळे केले. डी हा चौथा सिरोटाइप १९६० च्या दशकात त्यांत जोडला गेला. एका नावाखाली आनुवंशिकदृष्ट्या भिन्न वाण नांदत आहेत, याचा हा पहिला भक्कम पुरावा होता.

तरीही सिरोटाइप हे तेव्हा केवळ वर्गीकरणाचे साधन मानले जाई. १९८४ मध्ये क्वॉन-चुंग आणि बेनेट यांनी निरनिराळ्या देशांतील रुग्णांचे संवर्ध तपासले तेव्हा बी आणि सी हे सिरोटाइप मुख्यत्वे उष्ण व उपोष्ण कटिबंधात आढळतात, असे स्पष्ट झाले. हा गट निरोगी प्रतिकारशक्तीच्या व्यक्तींनाही बाधतो, तर ए गट प्रामुख्याने क्षीण प्रतिकारशक्तीच्या रुग्णांना ग्रासतो, हेही कालांतराने ध्यानात आले. बी आणि सी गटाला २००२ मध्ये 'क्रिप्टोकॉकस गॅटी' या स्वतंत्र जातीचा दर्जा देण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. ज्याला १९५० मध्ये रक्तद्रवाच्या चाचणीतील किरकोळ फरक समजले गेले, त्यामागे उत्क्रांतीच्या दोन दीर्घ व विभक्त वाटा होत्या.

अधिवासाचा शोध : पारवा, निलगिरी आणि जांभूळ

हे यीस्ट एका माणसाकडून दुसऱ्याकडे सामान्यतः जात नाही. श्वासावाटे फुप्फुसात शिरलेले सूक्ष्म कण हेच त्याचे प्रवेशद्वार होय. तेव्हा ते निसर्गात राहते कोठे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील चेस्टर एमन्स यांनी १९५१ मध्ये ते मातीत आणि १९५५ मध्ये पारव्यांच्या घरट्यांत व विष्ठेत दाखवले. पारव्याच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा बरेच अधिक असल्यामुळे तो स्वतः सहसा आजारी पडत नाही. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातील एलिस आणि फायफर यांनी गॅटी हा प्रकार निलगिरीच्या एका जातीशी जोडून दाखवला आणि १९९७ मध्ये चंदीगडच्या अरुणालोके चक्रवर्ती व सहकाऱ्यांनी भारतातील निलगिरीवरून तो वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले.

भारतीय संशोधनाचे खरे योगदान मात्र यापुढचे आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील हरबन्स सिंग रंधावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, जिवंत झाडांच्या ढोलीतील कुजके लाकूड हा या यीस्टचा नैसर्गिक अधिवास असल्याचे दाखवून दिले. त्यांच्या नोंदींत जांभळाच्या झाडाचे स्थान ठळक आहे. २००७ मध्ये जबलपूर येथील संशोधकांनी त्या शहरातील जिवंत झाडांच्या ढोलींतून निओफॉर्मन्स आणि गॅटी हे दोन्ही मिळवले. १९५६ पर्यंत यवतमाळ आणि जबलपूर हे एकाच राज्याचे जिल्हे होते. प्रशासकीय सीमा बदलली तरी नाल्याकाठचे जांभूळ, पानझडी वने आणि उन्हाळ्याचा ताप या बाबतीत मध्य भारताचे हे दोन प्रदेश परस्परांना अपरिचित नाहीत. यवतमाळातील ढोलींतही हेच वाण आहेत, असे यावरून म्हणता येत नाही. ते तपासणे मात्र सयुक्तिक ठरते.

या शोधाचा अर्थ झाडे तोडावीत असा अजिबात नाही. अशा कणांशी संपर्क अनेकांचा येतो आणि निरोगी माणसात रोग क्वचितच उद्भवतो. अधिवासाच्या शोधाने एक वेगळाच प्रश्न पुढे आणला. माणूस हा या यीस्टचा आवश्यक आश्रयदाता नाही. मग माणसाला मारण्याची साधने त्याच्याकडे आली कोठून? २००१ मध्ये स्टीनबर्गन, कॅसाडेव्हॉल आदींनी या यीस्टचा मातीतील अमीबांशी असलेला व्यवहार तपासला. अमीबा यीस्ट गिळतो, आणि यीस्ट त्याच्या पोटात टिकून वाढते. मानवी रक्षक पेशींच्या पोटातही ते जवळजवळ याच पद्धतीने टिकते. यावरून उग्रतेची साधने मातीतील व लाकडातील जीवनकलहात घडली असावीत, असा तर्क मांडण्यात आला. हा तर्क स्वीकारला, तर ज्या परिसरात हे यीस्ट वाढते त्या परिसराचा इतिहासही त्याच्या उग्रतेच्या इतिहासाचा भाग ठरतो.

संयोग-प्रकाराचा शोध

जनुकीय विविधता आणि उग्रता यांचा संबंध प्रयोगाने तपासायचा तर संकर करता यायला हवा. हे यीस्ट केवळ कलिकांनी वाढते, असे दीर्घकाळ मानले जात होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जून क्वॉन-चुंग यांनी १९७५ मध्ये त्याचे लैंगिक चक्र शोधून काढले. 'ए' आणि 'अल्फा' हे दोन संयोग-प्रकार एकत्र आले की तंतू, बीजुकधर आणि बीजाणू तयार होतात. हे संशोधन साठवलेल्या संवर्धांच्या परस्पर जोड्या लावून करण्यात आले होते.

१९७८ मध्ये क्वॉन-चुंग आणि बेनेट यांनी एक विलक्षण असमतोल नोंदवला. रुग्णांतून आणि निसर्गातून मिळालेल्या वाणांत अल्फा प्रकार 'ए' प्रकाराच्या तीसपट वा त्याहूनही अधिक होता. १९९२ मध्ये त्यांनी संयोग-प्रकाराचा जनुकीय प्रदेश वगळता जवळजवळ सर्व बाबतींत समान असलेले दोन वाण पुनःपुन्हा संकर करून सिद्ध केले आणि उंदरांत त्यांची तुलना केली. अल्फा वाण अधिक उग्र ठरला. एका जनुकीय प्रदेशातील फरक उग्रतेचा फरक घडवतो, हे या यीस्टमध्ये प्रथमच इतक्या स्वच्छपणे दिसले.

पुढील दशकात या निष्कर्षाला मर्यादा पडली. १९९२ चा प्रयोग डी सिरोटाइपवर झाला होता. ए सिरोटाइपमध्ये अशीच जोडी तयार करण्यात आली तेव्हा, २००३ मध्ये, दोन्ही वाण स्वतंत्रपणे सारखेच उग्र आढळले. २००५ मध्ये ते एकाच प्राण्यात एकत्र सोडले असता मेंदूत अल्फाचे प्रमाण अधिक दिसले. यातून आलेला धडा असा, की एखाद्या जनुकीय प्रदेशाचा परिणाम उर्वरित जनुकसंचाच्या पार्श्वभूमीवर अवलंबून असतो. बियाणे तेच असले तरी काळ्या जमिनीत आणि मुरमाड जमिनीत ते सारखे उतरत नाही, अशातलाच हा प्रकार होय.

२००५ मध्येच लिन, हल आणि हाइटमन यांनी दोन अल्फा वाणही परस्परांशी संयोग करू शकतात, हे दाखवले. या शोधाचा संबंध लगेच एका प्रत्यक्ष साथीशी जोडला गेला. कॅनडातील व्हँकुव्हर बेटावर १९९९ पासून गॅटीमुळे निरोगी माणसे आणि प्राणीही आजारी पडू लागले होते. फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी त्या साथीतील उग्र वाण अशाच समलिंगी संयोगातून उद्भवला असावा, असे जनुकीय पुराव्याच्या आधारे मांडले. लैंगिक संयोगातून नवी विविधता आणि तीतून क्वचित एखादा अधिक उग्र वाण, असा हा क्रम आहे.

उग्रतेची तीन साधने

जनुक काढून टाकणे आणि पुन्हा बसवणे हे तंत्र १९९० च्या दशकात या यीस्टमध्ये साध्य झाले. स्टॅन्ली फॅल्को यांनी १९८८ मध्ये रेणवीय पातळीवर कारणमीमांसेचे निकष मांडले होते. जनुक निकामी केले की उग्रता कमी व्हावी आणि ते परत दिले की ती परत यावी, हा त्यांचा गाभा होता. या निकषांवर तीन गुणधर्म प्रामुख्याने तपासले गेले.

पहिला गुणधर्म शर्करायुक्त आवरणाचा. १९९४ मध्ये चँग आणि क्वॉन-चुंग यांनी आवरण नसलेल्या वाणात कॅप ५९ हे जनुक परत घातले. आवरण परतले आणि त्याबरोबर उग्रताही परतली. हे आवरण यीस्टला रक्षक पेशींच्या भक्ष्यस्थानी पडण्यापासून वाचवते.

दुसरा गुणधर्म मेलानिन या गडद रंगद्रव्याचा. त्याच्या इतिहासात या प्रदेशातील वाचकाला ओळखीची वाटेल अशी एक वस्तू आहे. १९६२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ श्टाइब यांनी असे दाखवले, की कारळ्याच्या बियांच्या अर्कावर वाढवले असता हे यीस्ट तपकिरी होते. आदिवासी पट्ट्यात तेलासाठी आणि चटणीसाठी पेरले जाणारे कारळे अशा रीतीने जगभरच्या प्रयोगशाळांत रोगनिदानाचे माध्यम बनले. जबलपूर आणि दिल्ली येथील ढोलींचे नमुने तपासतानाही याच गुणधर्माचा आधार घेतला गेला. रंगद्रव्य तयार करणारे लॅकेज हे विकर ज्या जनुकावर अवलंबून असते ते निकामी केल्यास उंदरांतील उग्रता घटते, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले.

तिसरा गुणधर्म ३७ अंश सेल्सिअस तापमानात वाढण्याचा. कवकांच्या बहुसंख्य जाती या तापमानाला टिकत नाहीत आणि मानवाचे त्यांच्यापासून होणारे संरक्षण बऱ्याच अंशी यातूनच घडते. १९९७ मध्ये ओडम, हाइटमन आदींनी कॅल्सिन्यूरिन या प्रथिनाचे जनुक काढले, तेव्हा यीस्ट २४ अंशाला वाढले, ३७ अंशाला मात्र वाढू शकले नाही आणि रोगही निर्माण करू शकले नाही.

या तीन प्रयोगमालिकांनी उग्रतेला जनुकीय पाया दिला. मात्र त्यांत एक अपुरेपण होते. प्रयोगशाळेत जनुक संपूर्णपणे निकामी केले जाते. निसर्गातील वाणांत ही जनुके बहुधा शाबूत असतात आणि फरक सूक्ष्म असतात. कोणते जनुक नसले तर रोग होत नाही, याचे उत्तर मिळाले होते. दोन रुग्णांपैकी एक वाचतो आणि दुसरा दगावतो यात यीस्टच्या वाणाचा वाटा किती, हा प्रश्न शिल्लक होता.

जनुकसंचाचे वाचन

२००५ मध्ये डी सिरोटाइपच्या वाणाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. सुमारे दोन कोटी अक्षरे, १४ गुणसूत्रे आणि सुमारे ६,५०० जनुके, असा त्याचा विस्तार होता. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने सात जनुकीय स्थानांच्या आधारे वाण ओळखण्याची समान पद्धत निश्चित केली. त्यामुळे युगांडातील, ब्राझीलमधील आणि भारतातील संवर्धांची एकाच मापाने तुलना करणे शक्य झाले.

२०१२ मध्ये युगांडातील रुग्णांच्या संवर्धांवरील अभ्यासात यीस्टचा जनुकीय गट आणि रुग्णाचा मृत्यू यांत संबंध आढळला. २०१९ मध्ये गर्स्टीन आणि सहकाऱ्यांनी 'एसटी ९३' या एकाच गटातील वाणांचे संपूर्ण जनुकसंच वाचले. एकाच गटातील असूनही त्यांच्यात सूक्ष्म फरक होते आणि त्यांपैकी काहींचा रुग्णाच्या प्रतिकारप्रतिसादाशी व आजाराच्या परिणतीशी संबंध जुळला. संबंधित जनुके काढून टाकलेले उपलब्ध वाण उंदरांत तपासले असता, काहींचा प्राण्यांच्या जगण्याच्या कालावधीवर प्रत्यक्ष परिणाम दिसला. एसटी ९३ हा गट भारत आणि इंडोनेशियातील रुग्णांतही सापडला आहे. तेव्हा युगांडातील निष्कर्ष भारताला दूरचा नाही. तथापि रुग्णाची पोषणस्थिती, निदानाला झालेला उशीर आणि सहव्याधी हे घटक भिन्न असल्याने तो जसाच्या तसा इकडे लावताही येत नाही.

सर्वाधिक वापरल्या गेलेल्या एच ९९ या वाणाचा इतिहास येथे उद्बोधक आहे. तो १९७८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात एका रुग्णातून मिळाला आणि नंतर जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. २०१४ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध करताना निरनिराळ्या प्रयोगशाळांत वाढवलेले त्याचे वंशजही तपासण्यात आले. वारंवार नव्या माध्यमावर वाढवल्यामुळे काही वंशजांत जनुकीय बदल झाले होते आणि त्यांची उग्रता घटली होती. ज्याला सर्वजण एकच वाण समजत होते, तो जतनाच्या पद्धतीतील फरकामुळे अनेक झाला होता.

रुग्णाच्या शरीरातील बदल

जनुकीय विविधता केवळ दोन रुग्णांच्या वाणांतच असते असे नाही. ती एकाच रुग्णात आजाराच्या काळातही निर्माण होते. २०१० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी फुप्फुसातील अवाढव्य पेशींचे वर्णन केले. त्यांत गुणसूत्रांचे संच अनेक पटींनी वाढलेले असतात आणि त्या रक्षक पेशींना गिळता येत नाहीत. त्याच वर्षी सिओनोव्ह आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले, की फ्लुकोनॅझोल या औषधाच्या दाबाखाली यीस्टची काही पिलावळ पहिल्या गुणसूत्राची जादा प्रत धारण करते. औषधाचे लक्ष्य असलेले जनुक आणि औषध पेशीबाहेर टाकणारे जनुक अशी दोन्ही या गुणसूत्रावर आहेत. औषध थांबले की ही जादा प्रत पुन्हा गळून पडते.

२०१९ मध्ये टांझानियातील रुग्णांवरील अभ्यासाने हीच घटना प्रत्यक्ष उपचारात दाखवली. केवळ फ्लुकोनॅझोल दिलेल्या रुग्णांत अशा पेशींचे प्रमाण वाढले. त्यासोबत फ्लुसायटोसिन दिल्यास ती वाढ रोखली गेली. उपचारपद्धतीच्या निवडीमागे जनुकशास्त्रीय कारण कसे उभे राहते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतील मोठ्या चाचणीत लायपोसोमल अँफोटेरिसिनची एक मोठी मात्रा, फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोलसह, प्रचलित उपचारापेक्षा कमी प्रभावी नसल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत पुरस्कारली. स्वस्त आणि सोयीचे म्हणून एकच औषध देत राहणे हे यीस्टच्या जनुकीय लवचिकतेला वाव देणारे ठरू शकते, हे जिल्हा पातळीवरील वैद्यकालाही विचारात घ्यावे लागते.

जतनाचा प्रश्न आणि यवतमाळ

वरील इतिहासात एक सूत्र सातत्याने आढळते. बेनहॅम यांची प्रतिद्रव्य-चाचणी, क्वॉन-चुंग यांच्या जोड्या, एच ९९ चा जनुकसंच आणि युगांडातील जनुकीय तुलना यांपैकी काहीही साठवलेल्या संवर्धांवाचून शक्य नव्हते. अनेकदा संवर्ध जतन करणाऱ्याला तो पुढे कशासाठी उपयोगी पडेल याची कल्पनाही नव्हती.

कँडिडा ऑरिस या दुसऱ्या यीस्टचा वृत्तान्त हीच बाब अधोरेखित करतो. २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानातून मिळालेल्या वाणावरून त्याचे प्रथम वर्णन झाले. २०११ मध्ये कोरियातील संशोधकांनी आपल्या जुन्या संग्रहात १९९६ चा एक संवर्ध शोधून काढला, जो तेव्हा ओळखताच आला नव्हता. २०१३ मध्ये दिल्लीतील अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी भारतातील रुग्णालयांत पसरलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या वाणाची नोंद केली. २०१७ मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेतून दक्षिण आशियाई, पूर्व आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण अमेरिकी अशा चार भिन्न शाखा एकाच सुमारास स्वतंत्रपणे उदयास आल्याचे दिसले. शाखांनुसार औषधरोध आणि साथ पसरवण्याची प्रवृत्तीही बदलते. पूर्व आशियाई शाखा प्रामुख्याने कानातून मिळाली, तर दक्षिण आशियाई शाखेने रुग्णालयांत साथी घडवल्या. 'कँडिडा' एवढ्याच अहवालावर थांबणाऱ्या प्रयोगशाळेला यातले काहीच दिसले नसते.

भारतात जतनाची व्यवस्था आहे. चंदीगड येथे रोगकारक कवकांचा राष्ट्रीय संग्रह आहे. दिल्लीच्या चेस्ट इन्स्टिट्यूटचा स्वतःचा संग्रह आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक-संग्रह, तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये प्रथम आढळला आणि १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत प्रतिविषाणू उपचार सुरू केले. या अवधीत आणि त्यानंतरही मेंदूज्वराने आजारी पडलेल्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात जे यीस्ट दिसले, त्याचा उपयोग सामान्यतः निदानापुरता असतो. निदान झाले की थाळी निर्जंतुक करून टाकून दिली जाते. रुग्णसेवेच्या दृष्टीने यात चूक काही नाही. परंतु त्याबरोबर त्या प्रदेशातील वाणाची माहितीही नष्ट होते.

या उणिवेवर उपाय खर्चिक असलाच पाहिजे असे नाही. रुग्णालयीन प्रयोगशाळेने नैतिकता समितीच्या मान्यतेने आणि रुग्णाची ओळख वगळून प्रत्येक संवर्ध राष्ट्रीय संग्रहाकडे पाठवावा, सोबत तारीख, तालुका, दिलेले औषध आणि आजाराची परिणती यांची नोंद असावी, एवढ्यानेही पुढील अभ्यासाचा पाया घातला जाईल. प्रत्यक्ष रोगकारक संवर्ध हाताळणे हे योग्य सुरक्षा-सुविधा नसलेल्या महाविद्यालयाचे काम नव्हे. मात्र वनस्पतिशास्त्र विभाग ढोली असलेल्या जुन्या झाडांची नोंद करू शकतो, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग वैद्यकीय महाविद्यालयाच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षणाची आखणी करू शकतो, संख्याशास्त्र विभाग नोंदींचे विश्लेषण करू शकतो. बहुविद्याशाखीय सहकार्य या शब्दाला अशा प्रकल्पात प्रत्यक्ष आशय मिळतो.

समारोप

१८९४ मध्ये पीचच्या रसात आणि एका स्त्रीच्या हाडात आढळलेल्या जीवाला एकच नाव मिळाले. त्या नावाखाली जाती, सिरोटाइप, संयोग-प्रकार, जनुकीय गट आणि एकाच रुग्णात घडणारे क्षणिक बदल असे विविधतेचे थर आहेत, हे कळण्यास सव्वाशे वर्षे लागली. प्रत्येक थरावर उग्रतेविषयीचे आधीचे उत्तर अंशतः खरे ठरले आणि पुढच्या थराने त्याला मर्यादा घातली. आवरण, रंगद्रव्य आणि तापमानसहिष्णुता ही साधने सर्व वाणांना समान असली तरी त्यांचे प्रमाण, त्यांचा मेळ आणि औषधाच्या दाबाखाली बदलण्याची क्षमता वाणागणिक भिन्न असते.

या ज्ञानाचा मोठा भाग ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि आफ्रिकेतील संवर्धांवर उभा आहे. भारतातील काही शहरांतील अभ्यासांनी त्यात मोलाची भर घातली. जिल्ह्यांचा वाटा त्यात अद्याप अत्यल्प आहे. यवतमाळमधील रुग्णाला होणारा मेंदूज्वर कोणत्या वाणामुळे होतो, तो वाण नाल्याकाठच्या ढोलीतला आहे की अन्यत्रचा, आणि प्रचलित औषधाला तो कसा प्रतिसाद देतो, या प्रश्नांची उत्तरे परदेशातील संवर्धांतून मिळणार नाहीत. ती येथील संवर्ध जपले गेले तरच मिळतील.